दोन वाजताची खुर्ची

गुरुवार, १३ तारीख

लिही. काय लिहू म्हणून विचारू नकोस, मी बोलते ते लिही. मी खोकले तर खोकला लिहू नकोस, एवढी अक्कल तुला असेल.

ही वही वरच्या बाईंनी दिलेली. बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मला अक्षरं शिकवायची म्हणून तीन वर्षं मागे लागल्या होत्या. मी म्हणायचे, "गुडघे बरे झाले की शिकते." त्या म्हणायच्या, "गुडघ्यांनी लिहितात का?" आता बाई नाहीत आणि वही कोरीच राहिली. म्हटलं, निदान हिला तरी कामाला लावू.

आज दुपारी मागच्या लोखंडी जिन्याकडचं दार वाजलं. वर्षभरात ते दार फक्त मांजरानं वाजवलंय. उघडलं तर पुस्तकवाला! वाचनालयाची पुस्तकं सायकलवरून घरोघर पोचवणारा. पंचेचाळिशीचा बाप्या, आठ दिवसांची दाढी, शर्ट असा की बाटल्या पुसायलाही मी घेतला नसता. दर सोमवारी अकराला हा माझ्या दारावरून वर बाईंकडे जायचा. नऊ वर्षं. माझ्याकडे एकदाही थांबला नाही. मला वाचता येत नाही, थांबून करणार काय? मी दारात बसून टोमणा मारायचे, "आमच्यासाठी बिनअक्षरांचं पुस्तक आणा कधीतरी." तो लाजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा.

आता दारात उभा. एक हात खिशात घट्ट. 

मी म्हटलं, "नऊ वर्षांनी घर सापडलं होय? ये. चपला आतच घे, बाहेर दिसतील."

आत आला, खुर्चीवर बसला आणि रडायलाच लागला. मी चहाचं आधण ठेवलं. तेवढं एक काम मला विचार न करता जमतं.

पोलीस याला शोधतायत. तीन तारखेच्या सोमवारी बाईंचा कोणीतरी गळा आवळला, मंगळवारी सकाळी दूधवाल्याला त्या सापडल्या, आणि केलं कोणी, तर म्हणे यानं. याला सायकलची घंटा वाजवायची लाज वाटते, हा गळा आवळणार!

मी त्याला म्हटलं, "घाबरू नकोस. मी पोलिसांना सगळं सांगितलंय. सोमवारी तू अकराला आलास, सव्वा अकराला गेलास. आणि दोन वाजता बाईंनी रोजच्यासारखी खुर्ची खिडकीकडे ओढली, उन्हात बसायला. माझ्या छतावरच तर आवाज येतो. म्हणजे तू गेल्यावर त्या धडधाकट होत्या. हवालदार वर गुंतला होता, तर आपल्या इमारतीच्या सेक्रेटरींनी स्वतः बसून माझी जबानी लिहिली, वाचून दाखवली. माझा अंगठा आहे त्या कागदावर. तुला सोडतील बघ."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आजी, वही-पेन आहे का? हाताला काहीतरी काम हवं."

म्हणून हे लिहिणं.

(हे आजींनी सांगितलेलं नाही. वर्तमानपत्रात छापून आलं आहे की, पहिल्या मजल्यावरच्या वृद्धेनं मला सोमवारी अडीच वाजता घाबऱ्या घाबऱ्या जिना उतरताना पाहिलं. तिच्या अंगठ्याच्या जबानीवरूनच मला शोधत आहेत. मी तिला जाब विचारायला आलो होतो. तिला यातलं काहीच माहीत नाही.)

शुक्रवार, १४ तारीख

पुस्तकवाल्याला माळ्यावर झोपवलं. सहा फुटांचा माणूस, पाच फुटांचा माळा. सकाळी कंबर धरून उतरला. म्हटलं, "थोडा आधी आला असतास तर मुलाची जुनी कॉट होती, ती भंगारात गेली." माणसं गेली की आधी कॉट जाते.

इमारतीत आता मी पहिल्या मजल्यावर, आणि सेक्रेटरी तळमजल्यावर. बाकीच्या खोल्या रिकाम्या. इमारत पाडून नवी बांधायची आहे, सगळ्यांनी सह्या केल्या आणि गेले. बाई तेवढ्या अडल्या होत्या. त्या कागद वाचल्याशिवाय सही करत नव्हत्या, आणि वाचल्यावर तर मुळीच करत नव्हत्या. मला म्हणायच्या, "तुम्हीही अंगठा देऊ नका." म्हणून मी दिला नाही.

अंगठ्यावरून आठवलं. चाळीस वर्षं मी औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुतल्या. गरम पाणी, सोडा, आणि अंगठा बाटलीच्या तोंडावर ठेवून फिरवायची, कुठे तडा असेल तर अंगठ्याला कळतो. तडे शोधता शोधता अंगठ्याच्या रेघा गेल्या. आता तो आरशासारखा आहे. बँकेत मशीनवर चार वेळा ठेवला. शेवटी खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, मशीनच्या मते तुम्ही नाहीच." म्हटलं, "सुनेचंही तेच मत आहे."

जबानीवरही नुसता निळा डाग पडला होता. सेक्रेटरी म्हणाले, "असू दे, मी बघतो काय ते," आणि कागद घेऊन खाली गेले. थोड्या वेळानं माझी चौकशी करायला परत आले, तर त्यांच्याच अंगठ्याला शाई! मी म्हटलं, "काय हो, तुम्हीही अडाणी झालात का?" केवढ्यानं हसले. माणूस हसताना मागे रेलतो. हे पुढे वाकले.

काय रे, पेन का थांबलं?

दोन वाजता वर खुर्ची ओढली गेली. हे सांगायचं राहूनच गेलं. बाई गेल्यापासून आवाज येतो. रोज दोनला. खोलीला पोलिसांचं सील आहे. पहिल्या दिवशी माझ्या हातातून बशी निसटली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बसा बाई, ऊन छान आहे." तेव्हापासून दोन वाजले की मी बोलते. दूध नासलं, गुडघा दुखतोय, असलंच. जिवंतपणी त्या उत्तर द्यायच्या आणि माझं बोलणं अर्धं राहायचं. आता सगळं ऐकून घेतात.

पुस्तकवाला मात्र पांढराफटक पडला. "आजी, तुम्हालाही ऐकू आलं?"

"गुडघे गेलेत, कान नाही," मी म्हटलं.

(आवाज मीही ऐकला. ओढणाऱ्याला जोर लागत होता; भुताला लागला नसता.)

आज मी बोलायची थांबले तरी पेन थोडं पुढे चाललं. मला ऐकू येतं हं.

रविवार, १६ तारीख

मुलाचा फोन. दर रविवारी येतो, चार मिनिटं. पहिलं मिनिट तब्येत, दुसरं त्याच्याकडची थंडी, तिसऱ्यात सून लांबून ओरडते "मीपण विचारलंय म्हणून सांग." चौथ्यात तो म्हणतो, "आई, सेक्रेटरींना अंगठा देऊन टाक ना. ते सारखे फोन करतात. तू एकटी तिथं, वर तसलं झालेलं..."

मी म्हटलं, "एकटी नाहीये."

"म्हणजे?"

माळ्यावर पुस्तकवाल्यानं श्वास रोखला, तो मला इथं कळला. मी म्हटलं, "म्हणजे मांजर येतं." आणि फोन ठेवला. मुलाशी खोटं बोलले. त्याला खरं सांगून तो काय, पाचवं मिनिट देणार होता?

संध्याकाळी उजेड होता तोवर पुस्तकवाल्याची चौकशी केली. बायको-पोरं? नाही. आई होती, गेली. जेवतोस कुठे? खाणावळीत. बोलतोस कोणाशी? म्हणाला, "सोमवारी बाईंशी. पुस्तकाबद्दल." आणि बाकीचे सहा दिवस? हसला नुसता. म्हटलं, "अरे गाढवा, आणि मी खालीच बसले होते की नऊ वर्षं!"

 हे मात्र लिहिलंस ना?

सोमवार, १७ तारीख

अकरा वाजता पुस्तकवाला उगाचच उठून उभा राहिला. पायांना सवय. मग बसला. पंधरा दिवस झाले. बाईंकडे ठेवलेलं पुस्तक परत करायची तारीख आज होती म्हणे. जीव जायची वेळ आली आणि याला पुस्तकाची तारीख!

मी विचारलं, "पळालास कशाला? पळाला तो चोर, एवढंच लोकांना कळतं."

म्हणाला, "पोलीस वाचनालयात आले तेव्हा मी मागे गठ्ठे बांधत होतो. मालक माझं नाव सांगत होते. पाय कधी निघाले तेच कळलं नाही. थांबलो तेव्हा नदीपलीकडे होतो. त्यानंतर प्रत्येक तासाला परत जाणं जास्त अवघड होत गेलं."

सहा दिवस पुलाखाली, एक दिवस मालगाडीच्या रिकाम्या डब्यात. सांगताना असा सांगत होता, जसं दुसऱ्याचं पुस्तक वाचतोय.

दोनला खुर्ची आली. मी बाईंना म्हटलं, "तुमचा पुस्तकवाला माझ्या ताब्यात आहे, आता जळा." बराच वेळ बोलले. आज फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी घरात तीन माणसं.

(आजी छताकडे बघून बोलत होत्या तेव्हा मी पुढच्या दाराच्या फटीला डोळा लावला. अडीच वाजता सेक्रेटरी वरून उतरले. मोजे घातलेले, बूट हातात. आमच्या दारापाशी थांबून त्यांनी कान दिला. फळीच्या त्या बाजूला ते, या बाजूला मी. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आत आजी बाईंना हसत काहीतरी सांगत होत्या. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि गेले. सील उचकटून परत चिकटवत असावेत. आजींना घाबरवण्यासाठी खुर्ची ओढतात, म्हणजे त्या अंगठा देऊन निघून जातील. मी आजींना सांगू शकलो नाही. त्या इतक्या खुशीत होत्या.)

बुधवार, १९ तारीख

आज सेक्रेटरी आले होते. पुस्तकवाला माळ्यावर.

"काय आजी, बरं आहे ना?" आवाज असा की मध ओतावा. हातात कागदांची फाईल आणि शाईचा डबा. बसल्या बसल्या त्यांची नजर टेबलावर. "दोन कप?"

"एक माझा, एक बाईंचा," मी म्हटलं. "रोज दोनला येतात. तुम्हाला नाही ऐकू येत?"

ते जरा गडबडले. मग हळूच म्हणाले, "येतं तर. म्हणूनच म्हणतो, अशा जागेत राहू नये. अतृप्त माणूस कोणाला तरी बरोबर नेतो."

"मला नेणार नाहीत. त्या अक्षरं शिकवायला बघायच्या तेव्हा मी त्यांना फार त्रास दिलाय."

त्यांनी कागद पुढे केला. मी म्हटलं, "माझा अंगठा मशीन घेत नाही, कागद काय घेणार?"

"तुम्ही नुसता टेकवा. बाकी मी बघतो."

"बाई म्हणाल्या होत्या, देऊ नका."

ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाई फार वाचायच्या," म्हणाले. "शुक्रवारी दुपारी येतो. तोवर विचार करा. आणि पाव जरा कमी मागवा आजी, एकट्या माणसाला चार लागत नाहीत."

दार लावून गेले. हात खांद्यावरून उचलला होता, पण वजन तिथंच राहिलं. चाळीस वर्षं तडे शोधले मी. सुरेख बाटली हातात असते, आणि अंगठा सांगतो, ही फुटलेली आहे. आज माझ्या खांद्याला तसं कळलं. मग मला ती निळी शाई आठवली. "बाकी मी बघतो" आठवलं.

पुस्तकवाल्याला खाली बोलावलं. विचारलं, "माझ्या जबानीत काय लिहिलंय रे?"

त्यानं खिशातून कागद काढला. पहिल्या दिवशी ज्या खिशात हात घट्ट होता तोच खिसा. मला वाटलं होतं चाकू असेल. वर्तमानपत्राचा तुकडा निघाला. घडीवर फाटलेला. त्यानं वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "परत वाच."

परत वाचलं.

म्हणजे त्याला पुलाखाली मी झोपवलं. माझ्या अंगठ्यानं. आणि सहा दिवस मी त्याला सांगत होते, घाबरू नकोस, माझा अंगठा आहे.

"चाकू आहे असं वाटलं तर आत का घेतलंत?" त्यानं विचारलं.

"नऊ वर्षांत कोणी आलं नव्हतं," मी म्हटलं.

मग विचारलं, "माझ्या वहीत मी न बोललेलं काय काय लिहिलंयस? पेनाचा आवाज मोजते मी." त्यानं मान खाली घालून तेही वाचलं. खुर्चीचं. मोज्यांचं.

मी बाईंना काय काय सांगितलं होतं ते सगळं त्या माणसानं दाराला कान लावून ऐकलं. दूध, गुडघा, सुनेच्या कागाळ्या. रात्री झोप येत नाही ते. आज बाई माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेल्या. पहिल्या वेळी निदान रडले होते.

आता पुरे. पेन ठेव. कंसात काही लिहू नकोस.

गुरुवार, २० तारीख

पोलीस ठाण्यात जायचं ठरवलं. आठ महिन्यांनी जिन्याला हात लावला. बसून, एक-एक पायरी, लहान मूल उतरतं तशी. सातव्या पायरीला खाली सेक्रेटरींचे बूट दिसले.

"कुठे निघालात आजी?"

"हवा खायला."

"पडाल ना." त्यांनी कोपराला धरलं आणि मला वर आणलं. इतक्या हळुवारपणे, की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मुलगा असावा तर असा. आत बसवलं, फोनची वायर काढून खिशात घातली, आणि बाहेरून कडी लावली. "तुमच्याच काळजीपोटी," म्हणाले.

मागचं दार त्यांना माहीत नाही असं नाही, पण तो जिना मला जमणार नाही, हे त्यांना माहीत आहे. भिंतीला लावलेल्या शिडीसारखा सरळ उभा आहे तो.

तेव्हा जाणारा एकच उरला. ज्याला सगळं शहर शोधतंय तोच.

मी म्हटलं, "तू पळून जा. पूल आहे, मालगाडी आहे. मी माझं बघते."

तो म्हणाला, "शुक्रवारी ते येणार आहेत."

"मग?"

"मग मी मालगाडीत बसून काय करू? तुमचं काय झालं याचा विचार?"

माणूस नऊ वर्षं दारावरून गेला आणि बोलला तर हे बोलला.

शुक्रवार, २१ तारीख, सकाळ

ही चिठ्ठी याच वहीत लिहून घेते, वहीच घेऊन जा.

साहेब, पहिल्या मजल्यावरची म्हातारी सांगते. मी या माणसाला अडीच वाजता पाहिलं नाही. मी खुर्चीचा आवाज ऐकला, दोन वाजता. सेक्रेटरींनी वेगळं लिहिलं आणि वेगळं वाचलं. खाली मी पेनाची शाई लावून अंगठा देते आहे. बघा, नुसता डाग आहे. माझ्या अंगठ्याला रेघा नाहीत, कोणत्याही मशीनला विचारा. आता तुमच्याकडच्या कागदावरचा अंगठा काढून बघा. त्याला रेघा असतील तर तो माझा नाही. कोणाचा ते तुम्ही शोधा, पगार तुम्हाला मिळतो. आणि हा माणूस स्वतःच्या पायानं आलाय. त्याला मारू नका, तो लगेच रडतो.

शनिवार, २२ तारीख

आज लिहिणारी वेगळी आहे. ठाण्यातली लेखनिक बाई. तिशीची, गणवेशात. मी तिला सांगितलं, तू लिही, वाचून दाखव, आणि मग तेच मी दुसऱ्या कोणाकडूनही वाचून घेणार आहे. ती म्हणाली, "आजी, माझ्यावर विश्वास नाही?" म्हटलं, "आहे ना. म्हणून तर दोघांकडूनच वाचून घेते, नाहीतर चौघं शोधले असते."

कालचं सांगते.

पुस्तकवाला आठला मागच्या जिन्यानं उतरला. मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि बसले. नऊ वाजले, दहा, अकरा. अकराला तो जिन्यात असायचा. बारा. कोणी येईना. मी समजले, त्याला आत टाकलं आणि वही कोपऱ्यात फेकली. कोण वाचतंय म्हातारीची वही.

एक वाजला. नळ ठिबकत होता. एवढ्या इमारतीत तेवढाच आवाज.

दोनला वर खुर्ची ओढली गेली. कोण आहे हे मला ठाऊक होतं, तरी तोंडातून "बसा" निघालंच. मग ती परत ओढली गेली. मागे. असं कधीच झालं नव्हतं. आणि मग पावलं. आज मोजे नव्हते, बूट होते. वरून एकेक पायरी खाली, माझ्या दारापर्यंत. कडी निघाली.

सेक्रेटरी आत आले. आज "बरं आहे ना" नाही. कागद टेबलावर, शाईचा डबा उघडला, माझा हात धरला. अंगठा टेकवला. डाग. परत. डाग.

मला तेवढंच सुचलं, वेळ काढायचा. मी म्हटलं, "डावा बघता का?" डावा बघितला. डाग. "करंगळी? ती कामाला कमी असायची." त्यांनी करंगळीही टेकवली! मग मधलं बोट. दहाच्या दहा झाली, सगळी सोड्यानं गुळगुळीत. मी म्हटलं, "पायाचे राहिलेत, पण मोजे तुम्हाला काढावे लागतील, मला वाकवत नाही." हसू नकोस ग, त्या वेळी माझे दात वाजत होते.

त्यांनी माझा हात टाकून दिला. कपाळावर घाम. म्हणाले, "दोन म्हाताऱ्या. एकीला फार वाचता येतं आणि एकीला अंगठासुद्धा नाही."

मी म्हटलं, "बाईंनी काय केलं होतं हो तुमचं?"

"कागद फाडला. माझ्या तोंडावर." मग पलंगावरची माझी उशी उचलली. ती दोन्ही हातांत धरून जरा वेळ उभे राहिले, जणू कोणाला द्यायची विसरलेत. "अंगठ्याला मालक जिवंतच असावा लागतो, असं कुठे लिहिलंय, आजी?"

"लिहिलं असेल तरी मला कुठे वाचता येतंय," मी म्हटलं.

मग त्यांनी ते केलं. उशी काखेत धरली, स्वतःचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. माझ्या नावापुढे. शांतपणे, रोजचं काम असल्यासारखं. नंतर माझ्याकडे वळले. उशी तोंडावर आली. माझीच उशी, माझ्याच तेलाचा वास. मला वाटलं, चला, बाईंना आता खरंच विचारता येईल, मी अक्षरं शिकले नाही म्हणून रागावलात का.

आणि मागचं दार फुटलं.

या लेखनिक बाईनंच जेवणाच्या सुट्टीत वही उघडली होती म्हणे. वाचली, आणि डबा तसाच टाकून धावली. आधी इन्स्पेक्टर आत आले, मग ही, आणि हिच्या मागे बेडीतला पुस्तकवाला. त्यांना मागचा जिना दाखवायला त्याला आणलं होतं. ओठ फुटलेला. मारू नका म्हणून लिहिलं होतं, पण वही उशिरा उघडली.

कागदावरची शाई ओली होती. सेक्रेटरींचा अंगठा निळा होता. आणि जबानीवरचा अंगठाही त्यांचाच निघाला. रेघा अशा स्वच्छ, की मशीननं ते आहेत म्हणून ताबडतोब मान्य केलं.

वाच आता. सगळं वाच, खोकला सोडून.

सोमवार, ३१ तारीख

आज परत जुनं अक्षर आहे. कसं दिसतं मला माहीत नाही, पण आवाज ओळखते.

पुस्तकवाल्याला परवा सोडलं. मला वाटलं होतं, आता तो या रस्त्यानं फिरकायचा नाही. कोण येईल? वर बाई गेल्या, खाली बेडी, मध्ये मी. तेव्हा सकाळी दारात बसले, पण बसायचं म्हणून.

अकराला जिन्यात पावलं आली. एक-एक पायरी. माझ्या दारापाशी थांबली.

"बिनअक्षरांचं सापडलं नाही," तो म्हणाला. हातात चित्रांचं पुस्तक. पक्ष्यांचं.

"नऊ वर्षं शोधलंस होय?"

आम्ही चहा प्यायलो. मी त्याला विचारलं, "माझ्या अंगठ्यापायी तुझे एवढे दिवस वाया गेले, ओठ फुटला. राग येत नाही?" त्यानं पक्ष्यांचं एक पान उलटलं. म्हणाला, "पुलाखाली असताना आला होता. तुमचं दार उघडेपर्यंत होता." मग म्हणाला, "अंगठा तुमचा नव्हताच ना, आजी." मी म्हटलं, "मी टेकवला तर होता."  कपात चहा उरला होता, तो प्यायलो.

वरच्या खोलीचं सील काढलंय. बाईंचं कोणी आलं नाही सामान न्यायला. वाचनालयाचं पुस्तक आणायला तो वर गेला, आणि मी सांगितलं होतं म्हणून खुर्चीही घेऊन आला. साधी लाकडी खुर्ची. एका पायाला खालून रबर नाही. एवढे दिवस एवढ्याशा रबरापायी सगळा आवाज.

माझ्या खोलीतही खिडकीत दोनला ऊन येतं. मी कधी त्यात बसले नव्हते. ते ऊन बाईंचं आहे असं वाटायचं.

दोन वाजले. पुस्तकवाल्यानं खुर्ची दोन्ही हातांनी उचलली.

"उचलू नकोस," मी म्हटलं, "ओढत ने."